अंगठा एकच, मग केवायसी पुन्हा पुन्हा का?

प्रश्न : पीएम किसानसाठी ई-केवायसी केली. मग रेशन कार्डासाठी केली. लाडकी बहीणसाठी घरच्यांची केली. आधार तेच, बोटं तीच. एकदा झालेली केवायसी सगळ्यांनी का वापरू नये? शिवाय पीएम किसानच्या अर्जात मी जिल्हा बँकेचा खाते क्रमांक दिला होता, पैसे मात्र दुसऱ्याच बँकेत जमा झाले. हा संगणकाचा घोळ समजायचा का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : घोळ नाही, आणि तुमच्या दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे.

सगळ्या योजना दिल्लीतल्या एकाच अजस्र संगणकात बसल्या आहेत, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पीएम किसान केंद्राच्या कृषी खात्याची, लाडकी बहीण राज्याच्या महिला व बालविकास विभागाची, रेशन अन्नपुरवठ्याचं. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. पण एक गरज सगळ्यांना सारखीच : समोरचा माणूस सांगतो तोच आहे ना? प्रत्येक खात्याने यासाठी आपापले ठसे गोळा करायचे ठरवले असते, तर आपला जन्म बोटं टेकवण्यात गेला असता. म्हणून तेवढंच काम बाजूला काढून एका ठिकाणी ठेवलं आणि परवानगी असलेल्या कोणालाही ते विचारण्याची सोय केली. सॉफ्टवेअर बांधण्याच्या या पद्धतीला सेवाकेंद्री रचना म्हणतात. या विषयावरचे लेखक थॉमस अर्ल यांनी २००७ च्या पुस्तकात तिची आठ तत्त्वं मांडली. त्यातली तुमच्या अंगठ्याशी संबंध येणारी तेवढीच इथे घेतो.

सेवा अनेकांच्या उपयोगी पडायची, तर तिने एकच काम करावं आणि ते कशासाठी चाललंय यात पडू नये. बाजार समितीतला वजनकाटा कापूस, सोयाबीन, तूर सगळं मोजतो, कारण मालाचं पुढे काय होणार याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आधारची पडताळणी तशीच आहे. क्रमांक आणि ठसा गेला की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. नाव, पत्ता, फोटो हवा असेल तर ती ई-केवायसी ही निराळी सेवा. लाडकी बहीणची वयाची कमाल अट ६५ आहे. समजा, ही अट कोणी पडताळणीतच घालून ठेवली, तर सत्तरीतल्या आजीला रेशन दुकानात ‘नाही’ असं उत्तर मिळेल! म्हणून अटी ज्याच्या त्याच्या योजनेत राहतात, सामायिक सेवेत त्यांना जागा नाही.

आता पुन्हा पुन्हा केवायसी का, ते बघा. मागच्या वेळी काय झालं यावर ही सेवा विसंबत नाही. प्रत्येक विचारणा तिला नवी. कोणत्या संस्थेने विचारलं याची नोंद राहते, कशासाठी विचारलं याची राहत नाही. आधार कायद्याच्या कलम ३२ नेच आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाला तशी नोंद ठेवायला मनाई केली आहे. म्हणजे तुम्ही पीएम किसानसाठी अंगठा दिलात हे आधारला ठाऊकच नसतं, मग ते रेशनवाल्यांना सांगणार कुठून? ‘झाली’ ही नोंद पीएम किसानच्या दप्तरात राहते. सेवा सामायिक असते, तिने दिलेलं उत्तर नाही. शिवाय प्रश्नही दर वेळी तोच नसतो. लाडकी बहीणमध्ये पती किंवा वडिलांचं आधारही पडताळलं जातं, कारण तिथे कुटुंबाचं उत्पन्न बघायचं असतं.

हा त्रास मला मान्य आहे, तरी मी त्याच्या बाजूचा आहे. आपण कशाकशासाठी अंगठा दिला याची एकत्र यादी कोणाकडेही नसणं ही फार मोलाची गोष्ट आहे. राग यायला हवा तो अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सचा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. तो सरकारचाच कागद. तो सरकारनेच शेतकऱ्याकडे पुन्हा मागायचा, म्हणजे सेवा तयार असून वापरायची नाही. जमिनीच्या नोंदींशी जोडलेल्या शेतकरी ओळख क्रमांकामुळे हे थांबावं अशी अपेक्षा आहे.

पैशांचं कोडं याच रचनेतलं. आधारवर आधारित पैसे पाठवताना योजना तुमचा खाते क्रमांक वापरतच नाही, फक्त आधार क्रमांक पुढे देते. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक तक्ता असतो : हा आधार क्रमांक, ही बँक. त्यात खाते क्रमांक नसतो. कोणत्या खात्यात टाकायचे ते ती बँक स्वतः बघते. आणि एका आधारपुढे एकच बँक, शेवटी जोडलेली. तुम्ही नंतर दुसरीकडे खातं उघडताना आधार जोडायला संमती दिली असेल, तर पैसे तिकडेच जाणार. ‘बँकेत आधार दिलंय’ आणि ‘या तक्त्यात बँक जोडली आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत नेमकी इथेच होते. फायदा असा की बँक बदलली तर दहा योजनांचे दहा अर्ज भरावे लागत नाहीत.

सामायिक सेवेची किंमतही आहे. ती बंद पडली की सगळ्यांचंच अडतं. तिच्यात बदल करायचा तर जपून करावा लागतो. विचारायचं कसं आणि उत्तर कसं येईल याचा करार ठरलेला असतो. ‘नाही’सोबत कारणाचा ठरलेला कोडही येतो : ठसा जुळला नाही की ३००, तुम्हीच बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर ३३०, ओटीपी चुकला तर ४००. दुकान रेशनचं असो की केंद्र सेतूचं, आकडे तेच. ‘अंगठा घेत नाही’ असं सांगून परत पाठवलं, तर कोड विचारा, कारण ३०० आणि ३३० वरचे उपाय वेगळे आहेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात आणि ३०० हमखास येतो. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी करता येते. ही चेहऱ्याची सोय आधारच्या पडताळणीत एकदा तयार झाली, त्यामुळे बाकीच्या योजनांनाही ती नव्याने न बांधता घेता येते.

तुमची कोणती बँक जोडलेली आहे ते माय-आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये दिसेल. जिल्हा बँकच हवी असेल, तर तिच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. पीएम किसानचा अर्ज बदलायची गरज नाही.