भ्रमजनक द्रव्ये : ‘एकदा घेऊन तर बघ’ म्हणणाऱ्याला विचारायचे प्रश्न

एलएसडी, सिलोसायबिन असलेली अळिंबी आणि त्यांच्या जातीची द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करतात. रंग, आवाज, वेळ आणि स्वतःचे भान यांची जाणीव त्यामुळे बदलते. सिलोसायबिनचा अंमल साधारण चार ते सहा तास राहतो, एलएसडीचा आठ ते बारा तास. दारू किंवा गर्दसारखी शारीरिक ओढ ही द्रव्ये लावत नाहीत. हे खरे आहे, आणि आग्रह करणारे नेमके एवढेच सांगतात.

अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये बासेल येथे एलएसडी तयार केले. त्याचा मनावरील परिणाम 1943 मध्ये लक्षात आला. अलीकडे नैराश्यावर सिलोसायबिनचा उपयोग तपासला जात आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना ते देण्याची मुभा दिली. मात्र या चाचण्यांत द्रव्य शुद्ध असते, मात्रा मोजलेली असते आणि प्रशिक्षित माणसे अंमल उतरेपर्यंत शेजारी बसतात. स्वतःला किंवा जवळच्या नातलगांना स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर अशा व्यक्तीला सहसा चाचणीत घेतच नाहीत. चाचण्यांचे दाखले देणारा ही चाळणी गाळतो, तेव्हा तो अर्धसत्य सांगत असतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी घडलेली घटना याच अर्धसत्याची आहे. मामांना असाच आजार होता आणि तो मित्रमंडळींनाही माहीत होता. तरीही पन्हाळा रस्त्यावरील एका फार्महाऊसवर धाकट्या भावाच्या जिभेवर एलएसडी लावलेल्या कागदाचा चौकोनी तुकडा ठेवला गेला. ‘काय होत नाही भावा, उलट डोकं मोकळं होतं,’ असे सांगणाऱ्या मित्राने संशोधनाच्या गोष्टी आधी महिनोन्‌महिने ऐकवल्या होत्या. पहाटे रुग्णालयात भाऊ डाव्या तळहातावर उजव्या हाताचा अंगठा घासत बसला होता. कातडी लालबुंद झाली होती आणि ‘हा हात माझा नाही’ एवढेच तो म्हणत होता. डॉक्टरांनी काय घेतले ते विचारले. मित्राने उत्तर दिले, ‘जागरण झालंय, ॲसिडिटी असेल.’ उरलेला तुकडा त्याच्याच पाकिटात होता. त्या खोट्यापायी उपचारांचे मोलाचे तास गेले. पुढे अंमल उतरला, पण संशय आणि भास उतरले नाहीत. औषधे सुरू करावी लागली. त्या मित्राने एकदाही घरी पाऊल टाकले नाही. ‘त्याच्या मनातच भीती होती,’ असा निरोप मात्र पोचवला.

आग्रहाच्या युक्तिवादातील लबाडी या निरोपात उघडी पडते. अनुभव चांगला आला की श्रेय द्रव्याचे, वाईट आला की दोष घेणाऱ्याचा. अशा मांडणीत द्रव्य कधीच चुकत नाही, आणि ते देणाराही नाही.

कायद्याची बाजूही सांगितली जात नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एलएसडीची ‘अल्प मात्रा’ 0.002 ग्रॅम, तर ‘व्यावसायिक मात्रा’ 0.1 ग्रॅम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये कागदाचे वजनही मात्रेत धरले. त्या हिशेबाने एकच तुकडा अल्प मात्रेची मर्यादा ओलांडू शकतो. व्यावसायिक मात्रेसाठी किमान शिक्षा दहा वर्षांची आहे आणि जामीन मिळणे अतिशय कठीण.

आग्रह करणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. हे नक्की काय आहे आणि ते कोणी तपासले? घरातील मानसिक आजाराचे काय? शेवटपर्यंत शुद्धीवर राहून शेजारी कोण बसणार? बिघडले तर डॉक्टरांना खरे कोण सांगणार? एलएसडी म्हणून विकल्या जाणाऱ्या कागदावर एनबोम गटातील द्रव्येही सापडली आहेत, आणि त्यांमुळे मृत्यू झाले आहेत. लिथियमची औषधे घेणाऱ्याला एलएसडी किंवा सिलोसायबिनमुळे झटके येऊ शकतात. भ्रम निर्माण करणारा बांधावरचा धोतरा महादेवाला वाहतात, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्यातील ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन जिवावर बेततात.

कोणी घेतलेच असेल, तर त्याला एकटे सोडू नये. उजेड आणि गोंगाट कमी करावा, त्याच्याशी वाद घालू नये, गाडी चालवू देऊ नये. ताप, झटके, छातीत दुखणे किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा दिसताच 108 वर फोन करावा आणि उरलेला तुकडा डॉक्टरांना दाखवावा. नंतरही भास टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जावे. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, व्यसनमुक्तीसाठी 14446 आहे. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचे काम करते.

उपचार म्हणून या द्रव्यांचे मोल ठरवण्याचे काम रुग्णालयांत चालू आहे. फार्महाऊसवर कोणाच्या तरी पाकिटातून निघालेला कागद त्या कामाचा भाग नाही. तो घेऊन बघण्याजोगा नाही, आणि मानसिक आजाराचा वारसा असलेल्या घरात तर मुळीच नाही.