उजनीचे पाणी ओसरते तेव्हा

इंदापूर तालुका हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी सरासरी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. तरीही भिगवणजवळ सागरासारखा जलाशय पसरलेला दिसतो. हे पाणी या मातीवर पडलेले नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस भीमा आणि तिच्या उपनद्या वाहून आणतात व १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण तो अडवते. (पुणे शहराचे सांडपाणीही त्याच वाटेने येते, हे पक्षी पाहताना विसरू नये.)

गेल्या फेब्रुवारीत भूगोलाच्या अभ्याससहलीत आम्ही कुंभारगावच्या काठावरून नावेत बसलो. समोर रोहित पक्ष्यांचा थवा गुडघाभर पाण्यात माना खाली घालून उभा होता. धरण तुडुंब भरले म्हणजे पक्ष्यांची चंगळ, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. रोहित आपली वाकडी चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो व त्यातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव टिपतो. त्याला उथळ पाणी हवे. हिवाळ्यापासून कालव्यांतून पाणी सुटू लागते, काठ उघडा पडतो, आणि त्याचे ताट वाढले जाते. डबक्यांत अडकलेल्या मासळीवर चित्रबलाकांचे पोट भरते.

पण त्याच काठाची आणखी कुणी वाट पाहत असते. आमचे नावाडी म्हणाले, "पोरांनो, आमच्या आज्याची जमीन या पाण्याखाली हाय. पाणी हटलं की गाळात पेरायचं." यालाच गाळपेर म्हणतात. जी पट्टी रोहितला चरायला हवी, तीच माणसाला पेरायला हवी.

आणि पाणी हटावे तरी किती? धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचा. उपयुक्त साठा संपला की आकडे उणे टक्क्यांत मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला आणि पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिर उघडे पडले. मंदिर पाहायला गर्दी लोटली. पण काठच्या ऊसवाल्याला पाणी राहावेसे वाटते, खाली सोलापूरकडच्याला ते सुटावेसे वाटते, आणि दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते.

नाव काठाला लागली तेव्हा एक शेतकरी ओसरत्या पाण्यामागे आपल्या मोटारीचा पाइप लांबवत होता. शंभरेक पावलांवर रोहित चरत होते.