वाय-फाय बोर्डाने दिवा कसा चालवावा?

वायरमन बांधवांनी हे नवे काम शिकून घ्यावे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१४ मध्ये ईएसपी-८२६६ ही स्वस्त वाय-फाय चिप आणली. तिच्या बोर्डात ईएसपीहोम हे मोफत सॉफ्टवेअर भरावे आणि घरातील छोट्या संगणकावर होम असिस्टंट बसवावे; मग मोबाईलवरून दिवा लागतो. हुकूम घरच्या वाय-फायवरूनच जातो, म्हणून बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी घरात काम अडत नाही.

चिप ३.३ व्होल्टची, घरची वीज २३० व्होल्टची. म्हणून मध्ये रिले हवाच. तो फेजच्या तारेत घालावा. न्यूट्रल तोडल्यास दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याच्या जिवावर बेतते. भिंतीवरचे बटणही काढू नये. वाय-फाय बिघडले म्हणून गिऱ्हाईक अंधारात बसता कामा नये.