बारदानाचा हिशेब

खामगाव,
श्रावण शुद्ध नवमी

चि. ताई,

बंगळूरच्या नोकरीत आता तुझे बस्तान बसले असून, सणावाराला घरी येण्याजाण्यासाठी विमानात स्वतःजवळ ठेवता येईल अशी, पुष्कळ वर्षे टिकणारी डफल बॅग घेण्याचा तुझा विचार आहे, आणि ती कोणत्या कंपनीची घ्यावी असे तू विचारतेस. एका शब्दात उत्तर देता आले असते तर ते मी फोनवरच दिले असते. परंतु एकाच कंपनीच्या एकाच फळीवर दहा वर्षे निमूटपणे चाकरी करणारा आणि दुसऱ्याच दिवाळीस उसवणारा असे दोन्ही जिन्नस शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि दोहोंवर नाव एकाच ठळक अक्षरांत विणलेले असते. सबब नाव सांगण्याच्या भानगडीत न पडता पारख कशी करावी एवढेच लिहितो.

प्रथम आपल्या प्रवासाचा तपशील डोळ्यांपुढे आण. बंगळूरहून नागपूरपर्यंत विमान. तेथून रेल्वेने शेगाव, आणि शेगावाहून एस.टी.ने खामगाव. मुंबई–हावडा हा हमरस्ता आपल्या गावाला बगल देऊन जलंबवरून निघून गेलेला आहे. १८७० साली, खामगावची कापसाची पेठ वऱ्हाडात नावाजलेली असताना, सरकारने जलंबपासून येथपर्यंत मुद्दाम एक फाटा काढून दिला खरा. पण तेव्हापासून आजतागायत खामगावकराच्या नशिबी कोठे ना कोठे उतरून, सामान उचलून, दुसऱ्या वाहनात बसणे हे आलेच. सामान हाती उचलता आले पाहिजे हा धडा आपल्याला त्या फाट्याने चार पिढ्यांपूर्वीच दिलेला आहे. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चाकांची पेटी हंसासारखी चालते हे मला मान्य आहे. पण रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या, एस.टी.तील अरुंद वाट आणि श्रावणातील आपल्या गल्लीतली काळी माती, या तीन ठिकाणी ती पेटी ओढणे सोडून तूच तिला वाहून नेऊ लागतेस. शिवाय चाके, त्यांचा सांगाडा आणि आत-बाहेर सरकणारा दांडा यांचे वजन व जागा यांची किंमत तुला प्रत्येक प्रवासात मोजावी लागते. तेव्हा डफल बॅगच घ्यावी हा तुझा निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो.

आता मर्यादेचे कलम. आपल्याकडील बहुतेक देशी विमान कंपन्या साधारण वर्गाच्या उतारूस हातसामान म्हणून ७ किलोंची एक बॅग नेऊ देतात, आणि तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटीमीटरपर्यंत असावी असा दंडक घालतात. म्हणजे उदाहरणार्थ ५५, ३५ आणि २५. या मापाची पक्की पेटी केल्यास तिच्यात सुमारे ४८ लिटर मावतात. परंतु कापडी बॅग भरल्यावर पोट काढते, आणि काउंटरवरील मापाच्या चौकटीत बसते ती बॅग नव्हे तर तिचे पोट, हे ध्यानात घेऊन ३५ ते ४० लिटरांच्या पलीकडे जाऊ नये. मोठी बॅग घेऊन ती अर्धी भरीन असा निश्चय पुष्कळांनी केलेला आहे. बॅगेतील रिकामी जागा मात्र तो निश्चय मंजूर करीत नाही.

मार्केट यार्डात तुझ्या आजोबांबरोबर तू लहानपणी गेली आहेस. तुरीचे पोते काट्यावर चढले की पोत्याचे स्वतःचे वजन, म्हणजे बारदान, वजा करून मगच मालाचा आकडा लिहिला जातो, हे तू पाहिले आहेस. विमान कंपनीच्या काट्यावर ही न्यायबुद्धी नाही. तेथे बारदानासकट तोलतात. दोन किलोंची भारदस्त चामडी बॅग घेतलीस तर तुझ्या कपड्यांना, कागदपत्रांना आणि संगणकाला मिळून पाचच किलो उरतात, त्यांतून दीड-दोन किलो संगणकाने आणि त्याच्या चार्जरने घेतल्यावर काय शिल्लक राहते ते तूच मांड. सबब दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा न करता रिकाम्या बॅगेच्या वजनाचा करावा. ते एक किलोच्या आसपास असावे; सव्वा किलोपर्यंत इतराजी नाही. त्याच्याही खाली, पाव-अर्ध्या किलोच्या, मुठीत मावणाऱ्या ज्या पातळ बॅगा मिळतात, त्या बाजारहाटासाठी उत्तम आहेत. त्यांच्यावर दहा वर्षांचा भरवसा ठेवणे हे त्यांच्यावरच अन्यायाचे होईल.

कापडाविषयी लिहिताना थोडा संकोच होतो, कारण कापसावर पोसलेल्या जिल्ह्यातील माणसाने सुताचा कैवार घ्यावा हे स्वाभाविक ठरले असते. जाड सुती कॅनव्हासचे होल्डॉल आणि त्यांचे चामडी पट्टे आमच्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर वापरले, आणि त्या कापडाचा हातास होणारा स्पर्श मला आजही प्रिय आहे. परंतु ते होल्डॉल उचलण्यास हमाल असे, आणि त्यांना कोणी काट्यावर चढवीत नसे. सुती कॅनव्हास मुळातच जड. पावसात ते पाणी पिऊन आणखी जड होते, आणि नीट न वाळता कपाटात गेले तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते धुऊनही जात नाहीत. तेव्हा तुझ्या कामाला घट्ट विणीचे नायलॉन किंवा तितकेच घट्ट पॉलिएस्टर, हेच बरे. घासण्यास नायलॉन अधिक पुरते; उन्हाला आणि ओलीला पॉलिएस्टर तितकीशी दाद देत नाही.

दुकानदार तुला ‘डेनियर’चा आकडा सांगेल, आणि तो जितका मोठा तितका त्याचा आवाजही मोठा होईल. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचा डेनियर. म्हणजे हा आकडा धाग्याच्या जाडीची माहिती देतो, विणीच्या घट्टपणाची नव्हे. ५०० डेनियरचे घट्ट विणलेले नायलॉन हे १,००० डेनियरच्या सैल पॉलिएस्टरपेक्षा पुष्कळदा सरस निघते. बोटाच्या नखाने कापडाचे धागे बाजूस सारून पाहावेत. सरकले तर आकडा कितीही मोठा असो, ती बाब नामंजूर. मग कापड उलटून आतील लेप पाहावा. पाणी अडवण्यासाठी आतून दिलेला पॉलियुरेथेनचा स्वस्त लेप उष्णतेने व दमटपणाने काही वर्षांत चिकट होतो आणि पुढे कोंड्यासारखा गळून कपड्यांना लागतो. हा लेप पातळ, एकसारखा आणि कोरडा लागला पाहिजे. नव्या बॅगेचाच तो हाताला चिकटत असेल तर पुढचे भविष्य सांगण्यास ज्योतिषी नको.

परंतु ताई, कापड फाटल्यामुळे निकामी झालेल्या बॅगा मी फार थोड्या पाहिल्या आहेत. बॅग मरते ती सांध्यांत. बाजाराजवळ चेन बसवणारा आणि बॅगा शिवणारा एक कारागीर बसतो. त्याच्यापाशी रोज येणाऱ्या बॅगा पाहिल्यास त्यांचे कापड बहुधा धडधाकट असते, आणि पट्टा मुळातून उपटलेला, शिवण कोपऱ्यावर उसवलेली किंवा चेन मागून उघडणारी असते. त्याच्या हातचे एक काम मी मुद्दाम उभा राहून पाहिले. चेन बंद केली तरी तिचे दाते मागे उघडेच राहत होते, आणि ती बॅग घेऊन आलेला तरुण नवी घेण्याच्या गोष्टी बोलत होता. कारागिराने दात्यांवरून बोट फिरवले, दाते शाबूत असल्याची खात्री करून घेतली, आणि रनरच्या दोन्ही कडा पकडीने अगदी केसभर दाबल्या. दाबताना तो श्वास रोखून होता, कारण थोडा जास्त जोर झाला तर रनर फुटतो. चेन पुन्हा पूर्ववत चालू लागली. झिजतो तो पुष्कळदा रनर, दाते नव्हेत. आणि दाबूनही भागले नाही तर नवा रनर घालता येतो, मात्र तो जुळत्या मापाचा मिळाला पाहिजे. रनरच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा अंक कोरलेला असतो. तो दात्यांच्या रुंदीचा साधारण मिलिमीटरमधील आकडा समज. तुझ्या बॅगेच्या मुख्य तोंडाला ८ किंवा १० ची चेन असावी. १९३४ साली जपानात सुरू झालेल्या वायकेकेसारख्या नामांकित कारखान्याची असल्यास उत्तम, पण त्याहून महत्त्वाचे असे की तिचे माप सर्रास मिळणारे असावे. विलक्षण आकाराची, झाकलेली, पाणी न शिरणारी अशी चेन दुकानात फार ऐटदार दिसते. तिचा रनर तुटला म्हणजे खामगावातच काय, नागपुरातही तुला हात हालवीत परत यावे लागेल.

पट्ट्याकडे याहून बारकाईने पाहावे. काही बॅगांची मूठ वरच्या कापडाला नुसती चार टाक्यांनी टाचलेली असते. तेथे सारा भार त्या चार टाक्यांवर आणि त्यांच्याखालच्या कापडावर पडतो. चांगल्या बॅगेत मुठीची नवारपट्टी बाजूने खाली उतरते, पोटाखालून पलीकडे जाते आणि दुसऱ्या बाजूने वर येऊन पुन्हा मूठ होते; म्हणजे बॅग टांगलेली नसून झोळीत घातलेली असते. पट्टी जेथे संपते तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असावी, आणि ताणाच्या टोकाशी एकाच जागी गच्च मारलेले आडवे टाके दिसावेत. यानंतर बॅग सरळ आतून उलटी कर, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहू नकोस. आतील शिवणींच्या कडा पट्टीने बांधून बंद केल्या असतील तर शिवणाऱ्याने काम मनापासून केले असे समजावे. धागे लोंबत असतील, किंवा कड कापून तशीच सोडली असेल, तर बाहेरील सारी शोभा व्यर्थ. अस्तर शिवून आतील बाजू पूर्णपणे झाकलेली असली म्हणजे ही रुजवात घेताच येत नाही. म्हणून बिनअस्तराच्या बॅगेकडे माझा कल अधिक.

परवाच श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरची वारी आटोपून खामगावहून शेगावास परतली, आणि त्या शेवटच्या मजलेला लोटलेला जनसमुदाय पाहताना जुन्या पडशीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा आणि मध्ये खांदा, अशी ती रचना. अर्धा भार छातीवर, अर्धा पाठीवर, आणि माणूस ताठ चालतो. डफल बॅगेचा एकेरी लांब पट्टा याच्या अगदी उलट. तो एका खांद्याला खाली ओढतो आणि बॅग मांडीवर आपटत राहते. म्हणून ज्या बॅगेला पाठीवर घेण्याचे दोन पट्टे असून ते नको तेव्हा आत दडवता येतात, ती घ्यावी. लांब पट्टा घ्यावयाचाच झाला तर त्याच्या टोकांचे आकडे धातूचे असावेत; प्लॅस्टिकचा आकडा मोडतो तो नेमका गाडी सुटण्याच्या वेळी.

‘आजीवन हमी’ या शब्दांनी भुलू नये. आयुष्य कोणाचे, बॅगेचे की तुझे, हे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि नित्याच्या वापराने होणारी झीज त्यातून बहुधा वगळलेली असते. बॅग दुरुस्तीस पाठवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा हेही तेथेच वाचावे. मला विचारशील तर बाजाराजवळच्या त्या कारागिराला जी बॅग उघडता येते, शिवता येते, तिच्याइतकी पक्की हमी दुसरी नाही. आणि एका दृष्टीने टिकाऊ हे विशेषण मी तेवढ्यापुरतेच राखून ठेवीन.

बॅग घेतल्यावर तिची फार सेवा करावी लागत नाही. वैशाखातील आपले ऊन नायलॉनला वर्षानुवर्षे आतून कमजोर करते, म्हणून धुतल्यावर ती गच्चीवर न टाकता सावलीत वाळवावी. काळ्या मातीची धूळ चेनीच्या दात्यांत बसून रनरला घासते. घरी आल्यावर जुन्या ब्रशने ती झाडून काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात कोंडू नये. फोनला वीज देणारी पॉवर बँक जवळच्या बॅगेतच न्यावी लागते, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही, तेव्हा तिच्यासाठी वरच हात पोहोचेल असा एक लहान कप्पा असलेला बरा. बरण्यांचा प्रश्न तुझ्या मामीने उपस्थित केला आहे. तेल सुटलेले लोणचे मी रेल्वेने किंवा कोणी येणाऱ्याबरोबर पाठवण्याची तजवीज करतो, ते हातसामानात घालण्याचा आग्रह तिने सोडावा म्हणून तूही एक शब्द घाल.

रंगाविषयी तू शेवटी विचारले होतेस. काळा नको, एस.टी.च्या फळीवर आणि विमानातील कप्प्यात सगळ्याच बॅगा काळ्या असतात, शिवाय काळ्या कप्प्याच्या तळाशी पडलेली किल्ली शोधताना माणूस हैराण होतो. बाहेरून खाकी किंवा राखाडी आणि आतून फिक्या रंगाची बॅग मिळाली तर घ्यावी. मामीचे मत गर्द निळ्याकडे आहे, आणि ते ती तुला स्वतंत्र पत्राने कळवणार आहे.

तुझा,
मामा