पाळणाघर : कोणी काय करायचे आणि नव्या बाईला कसे तयार करायचे



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या भागांतून तोडणीच्या टोळ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस सांगायला नको. पण कोयत्याबरोबर पोरेही येतात आणि त्यांची नोंद बहुधा कुठेच होत नाही. आई-बाप पहाटे फडात जातात. तान्हे मूल बांधावर झोळीत, नाही तर तळावर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कॅनॉल, विहीर, पेटती चूल यांच्यात ते दिवस काढते, आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. तळावर पाळणाघर हवे हे आता बहुतेकांना पटते. आजच्या पाठात त्याच्या पुढची गोष्ट पाहू. खोली, झोळ्या, खेळणी पैशाने येतात. पोर सुखरूप राहते ते मात्र तिथल्या प्रत्येक बाईला आपले काम नेमके ठाऊक असेल तरच.

मागचा अनुभव

१९४८ च्या कारखाना कायद्यातील ४८ व्या कलमाने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली. आधी ५० हून अधिक आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तिथे ते बंधनकारक झाले. मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीकडेच ते सोपवावे, असेही त्यात लिहिले होते. पण तोडणीवाल्या बाईचे नाव मुकादमाच्या टोळीत असते, कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. त्यामुळे कायद्याची सावली तिच्या पोरापर्यंत क्वचितच पोचली.

मोठ्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यावर जवळच्या शाळेत नाव घालणे आणि गावाकडे हंगामी वसतिगृह चालवणे यावर भर आला. हे सर्व शाळेच्या वयाच्या मुलांचे झाले. सहा वर्षांखालचे मूल आईबरोबरच येते.

कष्टकऱ्यांच्या दारी बालशिक्षण नेण्याचा धडा महाराष्ट्राला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिला. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केले. मजूर जिथे, तिथे पाळणाघर. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना आली. अंगणवाडीत सेविका वेगळी आणि मदतनीस वेगळी, ही विभागणी आपल्याला तिथे तयारच मिळते. तीच आपल्या तळाला बेताने लावून घ्यायची.

कामाची वाटणी

१) सेविका. मुलांची जबाबदारी हिची. येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वय, आई-बापाचे नाव, मुकादम आणि आज कोणत्या फडात तोड आहे, हे वहीत लिहिणे. मुलांना खेळवणे, बोलते करणे, गाणी-गोष्टी सांगणे. अंग तापलेले, मलूल झालेले मूल ओळखून वेळीच कळवणे. चिठ्ठीवाचून कोणतेही औषध न देणे.

२) मदतनीस. पाणी, स्वयंपाक, झाडलोट, लंगोट बदलणे, निजलेल्या मुलांजवळ बसणे. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज चुलीकडे जायचे नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा : चुलीपाशी बसलेली बाई मुलांवर लक्ष ठेवणारी म्हणून मोजायची नाही. स्वयंपाक चालू असेल तेवढा वेळ दुसरी बाई मुलांतच हवी. तान्ही मुले जास्त असतील तर तिसरी बाई घ्यावी. तिथे काटकसर नको.

३) देखरेख करणारा. शेतकी खात्यातील एकच माणूस, नावानिशी ठरलेला. शिधा, औषधपेटी, दवाखान्यात न्यायला गाडी हे त्याने पाहायचे. ‘सगळ्यांनी लक्ष द्या’ म्हटले की कोणीच देत नाही, हा अनुभव आपण पाणीवाटपात घेतलेलाच आहे.

४) मुकादम. उद्या तोड कुठे आहे आणि तळ कधी हलणार, हे आदल्या संध्याकाळी सेविकेला सांगणे त्याचे काम.

कोणाचे काय काम नाही, तेही लिहावे. साहेबांचा आणि पाहुण्यांचा चहा करणे, स्लिपा लिहिणे, कोणाचे घर झाडणे हे सेविकेचे काम नव्हे. ती उठून गेली की तेवढा वेळ पोरे वाऱ्यावर.

वेळही फडाच्या घड्याळाने ठरवावी. आई पहाटे जाणार आणि पाळणाघर दहाला उघडणार, तर त्याचा उपयोग काय? पाळ्या लावाव्या लागतील. पॅनवरचा माणूस पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही. तोच नियम इथे.

मुलांची मोजणी दिवसातून चार वेळा : येताना, जेवणाआधी, झोपेतून उठल्यावर आणि जाताना. काट्यावर आपण भरलेली गाडी तोलतो आणि रिकामीही तोलतो, तेव्हाच उसाचा हिशेब लागतो. पोरांचाही तसाच लावावा. मूल परत द्यायचे ते वहीत नाव असलेल्या माणसाच्याच हाती. प्यालेल्या माणसाच्या हाती द्यायचे नाही, मग तो बाप का असेना.

नव्या बाईचे पहिले सात दिवस

हंगाम दर वर्षी नवा, टोळ्या नव्या, आणि पुष्कळदा बाईही नवी. तिला पहिल्याच सकाळी किल्ली देऊन ‘सांभाळा’ म्हणणे हा तिच्यावर आणि पोरांवर अन्याय आहे. आमची सूचना अशी :

पहिला दिवस : मुकादमाबरोबर कोप्यांतून फिरणे, आयांशी ओळख, विहीर-कॅनॉल-गाडीरस्ता पाहून घेणे. बंजारा टोळी असेल तर आईला ‘याडी’ म्हणतात असे चार शब्द शिकून घ्यावेत. आपल्या बोलीतला शब्द कानी पडला की पोर लवकर रमते.

दुसरा-तिसरा दिवस : जुन्या बाईशेजारी बसून मोजणी, वही आणि मूल देणे-घेणे पाहणे. एकही मूल तिच्या एकटीच्या हवाली नाही.

चौथा-पाचवा दिवस : काम तिने करायचे, जुनीने पाहायचे.

सहावा दिवस : करून दाखवणे. हगवण लागलेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी करणे; चमचा चहाचा. भाजले तर भरपूर साधे थंड पाणी ओतणे; शाई नाही, टूथपेस्ट नाही. मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याकडे पाहणे, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाईने बाकीची मुले धरून बसणे. तोंडी ‘येतं मला’ चालणार नाही.

सातवा दिवस : कामाचा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवणे, तिच्या शंका ऐकणे, मगच सही. तयारी झाली नसेल तर आणखी आठवडा द्यावा. या दिवसांचा पगार पुरा द्यावा, कारण शिकणे हेही काम आहे.

सभासदांस विनंती

‘आमच्या भावकीतली पोरगी लावून घ्या’ असा आग्रह धरू नये. बाई निवडताना तिचा स्वभाव पाहावा : रडते मूल पाहून चिडते की उचलून घेते? आणि आपल्या फडाच्या बांधावर झोळी दिसली तर त्या आईला पाळणाघराची वाट दाखवावी. तिने तोडलेला ऊस आपलाच असतो.

उजळणी

१) आपल्या गटातील तळावर सहा वर्षांखालची मुले किती, हे कोणाच्या वहीत आहे?
२) सेविका आजारी पडली तर उद्या पहाटे कोण येणार, त्या बाईचे नाव सांगता येईल का?
३) तान्ह्या भावंडापायी शाळा सुटलेली मुलगी आपल्या फडात आहे का?

येत्या गटसभेत या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन यावे.