यात्रेतील मुक्काम : निवासाची पारख व भाविकांची सावधगिरी

तीर्थयात्रा म्हणजे केवळ देवदर्शन नव्हे. घरून प्रस्थान ठेवल्यापासून सुखरूप परत येईपर्यंतचा प्रवास, तीर्थस्नान, दर्शन, प्रसाद आणि मुक्काम या सर्वांची मिळून यात्रा होते. असे असूनही बहुसंख्य भाविक दर्शनाच्या वेळा, अभिषेकाची नोंदणी आणि गाडीचे आरक्षण यांची चौकशी महिनाभर आधी करतात आणि रात्री उतरायचे कोठे, हा प्रश्न मात्र "तेथे गेल्यावर पाहू" असे म्हणून सोडून देतात.

त्याचा परिणाम बहुतेक क्षेत्री सारखाच दिसतो. सलग सुट्यांच्या दिवसांत एखादे कुटुंब रात्री अकरानंतर बसमधून उतरते. बरोबर वृद्ध आई असते, लहान मुले झोपेने पेंगुळलेली असतात. स्थानकाबाहेरच एक दलाल गाठतो, "देवळाच्या अगदी जवळ, गरम पाणी, स्वच्छ खोली" असे सांगून आगाऊ पैसे घेतो आणि गल्लीबोळांतून एका लॉजवर नेऊन सोडतो. खोलीत गेल्यावर चादर मळकी, न्हाणीघराच्या नळाला पाणी नाही आणि दाराची कडी मोडलेली असल्याचे ध्यानी येते. व्यवस्थापक पैसे परत देण्यास नकार देतो. पावती तर कोणी दिलेलीच नसते. कुटुंबाची रात्र बसून जाते आणि पहाटे काकड आरतीस उभे राहण्याचे त्राण आईच्या अंगी उरत नाही.

अशा प्रसंगी दोष निवासचालकाचा असतोच. परंतु खोली पाहण्यापूर्वी पैसे दिले आणि पावती घेतली नाही, या दोन गोष्टींमुळे भाविकाच्या हाती कोणताच उपाय उरत नाही. म्हणून निवासाची निवड कशी करावी, खोलीत काय पाहावे आणि कसूर झाल्यास दाद कोठे मागावी, याचे विवेचन येथे केले आहे.

निवासव्यवस्थेची परंपरा

अतिथीस देवासमान मानण्याचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे. या भावनेतूनच क्षेत्रोक्षेत्री धर्मशाळा, मठ आणि अन्नछत्रे उभी राहिली. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांनी देशभरातील तीर्थस्थानी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी आदी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि हाती खराटा घेऊन यात्रेचा परिसर स्वतः झाडला. निवास आणि स्वच्छता ही एकच सेवा होय, हे त्यांनी कृतीतून शिकविले.

कायद्यानेही या विषयाची दखल फार पूर्वी घेतलेली आहे. १८६७ च्या सराई कायद्याने सराईचालकावर खोल्या, ओसऱ्या, गटारे व विहिरी स्वच्छ ठेवणे, आवश्यक तेवढे पहारेकरी नेमणे आणि दरपत्रक लावणे ही कर्तव्ये घातली. जगन्नाथपुरीसाठी १८७१ मध्ये यात्रेकरूंच्या निवासगृहांविषयी स्वतंत्र कायदा झाला, कारण एकेका खोलीत दाटीवाटीने माणसे कोंबली जात आणि पटकीच्या साथीत त्यांचे बळी जात. स्वच्छ खोली, राखण आणि उघड दरपत्रक या तीन अपेक्षा दीडशे वर्षांपूर्वीही रास्त मानल्या गेल्या होत्या. आज त्या बाळगणाऱ्या भाविकाने संकोच करण्याचे कारण नाही.

निवासाचे प्रकार

संस्थानांची भक्तनिवासे, मठ व समाजाच्या धर्मशाळा, खाजगी लॉज व हॉटेले आणि स्थानिक रहिवाशांच्या घरातील खोल्या असे क्षेत्रस्थानी निवासाचे साधारण चार प्रकार आढळतात. भक्तनिवासात दर निश्चित असतो व पावती मिळते. मात्र गर्दीच्या दिवसांत जागा लवकर संपते आणि खोली सोडण्याची वेळ कटाक्षाने पाळावी लागते. धर्मशाळेत सोयी साध्या असतात. अंथरूण-पांघरूण मिळेल काय, हे आधी विचारावे. खाजगी लॉजच्या दर्जात फार तफावत असते, म्हणून तेथे पाहणीस सर्वाधिक महत्त्व आहे. घरगुती खोलीत आपुलकी लाभते, परंतु दर, स्वच्छतागृह आणि रात्री ये-जा करण्याची मुभा यांविषयी प्रथमच स्पष्ट बोलून घ्यावे.

पंढरपुरी आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चार यात्रांस, त्यातही आषाढीस, येणारा समुदाय पाहता त्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. ज्यांना एकादशीच्याच दिवशी जाण्याचे बंधन नाही, अशा वृद्ध व आजारी भाविकांनी यात्रेचे दिवस टाळून जाणे हिताचे असते.

आगाऊ नोंदणी व फसवणूक

संगणक व मोबाईलवरून नोंदणीची सोय झाली, तशी फसवणुकीचीही वाट मोकळी झाली. प्रसिद्ध देवस्थानांच्या भक्तनिवासाच्या नावे हुबेहूब खोटी संकेतस्थळे काढून भाविकांकडून पैसे उकळले जातात. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना याविषयी जाहीर इशारा दिला होता. संकेतस्थळ वा दूरध्वनी क्रमांक शोधताना जो प्रथम दिसेल तोच खरा असे धरून चालू नये. संस्थानच्या छापील पत्रकावरून वा कार्यालयातून त्याची खात्री करावी. कोणा व्यक्तीच्या खाजगी खात्यावर रक्कम मागितली गेल्यास व्यवहार थांबवावा. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

खोलीची पाहणी : स्वच्छता

पैसे देण्यापूर्वी खोली पाहणे हा भाविकाचा हक्क आहे. सामान खालीच ठेवून घरातील एका जाणत्या व्यक्तीने वर जाऊन यावे. या पाहणीस दहा मिनिटेही लागत नाहीत.

प्रथम अंथरूण पाहावे. चादर उचलून गादीच्या शिवणी, कडा आणि पलंगाचे सांधे तपासावेत. ढेकूण दिवसा तेथेच दडून बसतात. बारीक काळे ठिपके अथवा रक्ताचे पुसट डाग दिसल्यास ती खोली घेऊ नये. कपड्यांच्या घडीतून व पिशव्यांतून ढेकूण थेट घरापर्यंत येतात, म्हणून सामान पलंगावर वा भिंतीलगत जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे. चादर व उशीचे अभ्रे समक्ष बदलून मागावेत आणि स्वतःची एक चादर सोबत बाळगावी.

नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पाहावा, संडासात पाणी टाकून पाहावे, फरशी शेवाळलेली वा निसरडी नाही ना हे बघावे. वृद्धांच्या बाबतीत न्हाणीघरात घसरून होणारी दुखापत हाच सर्वांत मोठा धोका असतो. त्यांच्यासाठी तळमजल्याची खोली व कमोडची सोय आहे काय, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे. पिण्याच्या पाण्याची टाकी उघडी असल्यास ते पाणी पिऊ नये. उकळलेले किंवा सीलबंद पाणी वापरावे. पटकी, विषमज्वर व कावीळ यांसारखे आजार दूषित पाण्यातूनच पसरतात.

सुरक्षितता

मळक्या चादरीने एक रात्र बिघडते. सुरक्षिततेतील कसूर मात्र जिवावर बेतते. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीतील करोलबाग भागात एका हॉटेलला पहाटे आग लागून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. एका विवाहासाठी केरळातून आलेल्या कुटुंबातील व्यक्तीही त्यांत होत्या. अनोळखी इमारतीत, अंधारात, धुराने भरलेल्या बोळात माणसास जिना सापडत नाही. म्हणून खोली ताब्यात घेताच खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ते मोजून ठेवावे. दुसरा जिना आहे काय, त्याचे दार कुलूपबंद वा सामानाने अडलेले नाही ना, हे पाहावे. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये, नाकातोंडावर ओले फडके धरून वाकून बाहेर पडावे. जिना धुराने भरला असेल, तर खोलीचे दार लावून फटीत ओले कपडे कोंबावेत आणि खिडकीतून मदत मागावी.

दुसरा धोका दिसत नाही व त्याचा वासही येत नाही. लहान, बंद न्हाणीघरात बसविलेला गॅस गीझर चालू असताना आतील प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. स्नान करणाऱ्यास डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. गीझर न्हाणीघराच्या आत असेल व हवा जाण्यास झरोका नसेल, तर तो वापरू नये. बादलीत गरम पाणी मागवून घ्यावे. एकामागून एक सर्वांनी स्नान उरकण्याच्या पहाटेच्या घाईत हे विशेष ध्यानात ठेवावे. कोणी बराच वेळ बाहेर न आल्यास दार उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दाराची कडी आतून नीट लागते काय, खिडकीचे गज शाबूत आहेत काय, हे पाहून घ्यावे. दागिने व मोठी रक्कम यात्रेस आणूच नये. ओळखपत्राची प्रत देणे आवश्यक असते. आधार द्यायचे झाल्यास केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशी झाकलेली प्रत मागे भरपूर चालते का हे विचारून द्यावी आणि प्रतीवर दिनांक व कारण लिहावे. न्हाणीघरात वा पलंगासमोर संशयास्पद उपकरण आढळल्यास त्यास हात न लावता ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा गुन्हा आहे.

सेवेत कसूर झाल्यास

तक्रार प्रथम व्यवस्थापकाकडे, शांतपणे व नेमक्या शब्दांत करावी. "सगळेच वाईट आहे" असे म्हणण्यापेक्षा "न्हाणीघरात सकाळपासून पाणी नाही, खोली बदलून द्यावी" असे सांगितल्यास काम लवकर होते. दाद न मिळाल्यास तीच तक्रार लेखी द्यावी, छायाचित्रे काढावीत आणि पावती जपून ठेवावी.

पैसे घेऊन दिलेली निवाससेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. तेथे निवारण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पूर्वी यात्रेकरूची मोठी अडचण अशी होती की, जेथे घटना घडली तेथे खेटे घालावे लागत. नव्या कायद्याने तक्रारदारास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही.

विनामूल्य निवासाची गोष्ट निराळी. तेथे मोबदला दिलेला नसल्याने ग्राहक या नात्याने दावा करता येत नाही. अशा वेळी संस्थेच्या विश्वस्तांकडे लेखी तक्रार करावी. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या कारभाराविषयी गंभीर तक्रार असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते. चांगला अनुभव आल्यास तोही अभिप्राय वहीत अवश्य लिहावा. पहाटे तीनला उठून न्हाणीघरे धुणाऱ्या सेवेकऱ्यास त्या चार ओळींचे मोल वाटते.

भाविकांचे कर्तव्य

निवासाची अवस्था बिघडण्यास उतरणारेही कारणीभूत असतात. खोलीत स्टोव्ह पेटविणे, मोरीत अन्न टाकणे, भिंतीवर पिचकारी मारणे, दोघांच्या नावे खोली घेऊन आठ जणांनी राहणे, हे प्रकार सर्रास घडतात. त्याचा त्रास मागून येणाऱ्या कुटुंबास होतो. खोली सोडताना दिवे-नळ बंद करावेत, कचरा डब्यात टाकावा आणि किल्ली वेळेवर परत करावी. गाडगे महाराजांच्या खराट्याचे स्मरण ठेवणाऱ्यास याहून अधिक सांगणे नको.

खोली घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावयाच्या सात गोष्टी

१. क्षेत्री शक्यतो दिवसाउजेडी पोहोचावे. रात्री पोहोचणार असल्यास आगाऊ नोंदणी करावी.
२. दलालामार्फत खोली घेऊ नये.
३. आधी खोली पाहावी, मग पैसे द्यावेत.
४. दर, अनामत रक्कम, कर आणि खोली सोडण्याची वेळ स्पष्ट विचारून घ्यावी.
५. गादी, नळ, कडी, गीझर व जिना या पाच गोष्टी तपासाव्यात.
६. छापील पावती घेतल्यावाचून रक्कम देऊ नये.
७. निवासाचे नाव, पत्ता व दूरध्वनी कागदावर लिहून बरोबरच्या प्रत्येक वृद्धाच्या व मुलाच्या खिशात ठेवावा.

एवढी दक्षता घेतल्यास साध्या धर्मशाळेतही रात्र सुखाची जाते आणि पहाटे दर्शनरांगेत उभे राहताना मन केवळ देवाकडे लागते. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न व सुफळ होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.