कापोसी सार्कोमा : दोन गटांच्या स्लाइड शेजारी ठेवताना

युगांडा आणि आसपासच्या देशांत एचआयव्हीची साथ येण्याआधीपासून कापोसी सार्कोमा होताच. तो स्थानिक प्रकार आणि एचआयव्हीबाधितांमधला प्रकार, दोन्हींच्या मुळाशी एचएचव्ही-८ हाच विषाणू असतो. म्हणून नुसत्या स्लाइडवरून रुग्णाचा एचआयव्ही ओळखू पाहू नये.

१. गट एचआयव्ही चाचणीच्या अहवालावरूनच पाडा. मग जोड्या जुळवा, आणि इथे घाई अजिबात नको. स्थानिक प्रकार बहुधा पायांवर येतो. एचआयव्हीबरोबरचा प्रकार चेहऱ्यावर, धडावर, तोंडाच्या आतही येतो. सुजून राहिलेल्या पायाच्या त्वचेत तंतू वाढलेले असतातच. पायाची बायॉप्सी चेहऱ्याच्या बायॉप्सीशी ताडली, तर जागेचा फरक आजाराच्या नावावर जमा होतो. पायाला पायच हवा.

२. अवस्थाही तीच हवी : डागाला डाग, चट्ट्याला चट्टा, गाठीला गाठ. डागाच्या अवस्थेत वेड्यावाकड्या, बारीक वाहिन्या कोलॅजनमधून वाट काढतात. जुनी रक्तवाहिनी नव्या पोकळीत डोकावताना दिसते. गाठीत चातीच्या आकाराच्या पेशींचे जुडगे, त्यांच्यामधल्या फटींत तांबड्या पेशी.

३. प्रत्येक ब्लॉकचे सुमारे ४ मायक्रॉनचे छेद घ्या. एक एच अँड ई, एक पर्ल्स, एक एचएचव्ही-८च्या लाना प्रथिनासाठी. लाना केंद्रकात ठिपक्याठिपक्यांनी उमटते. नेहमीचा डीएबी रंग तपकिरी, हिमोसिडेरिन तपकिरी, सावळ्या त्वचेतले मेलॅनिनही तपकिरी! शक्य असेल तर लाल रंगद्रव्य वापरा. पर्ल्सने हिमोसिडेरिनमधले लोह निळे होते, मेलॅनिन होत नाही. जुन्या ब्लॉकमध्ये फॉर्मालिनचे काळपट कणही असू शकतात. ते पेशींबाहेरही विखुरलेले असतात.

४. नावे झाकून क्रमांक द्या. दोन पॅथॉलॉजिस्टनी वेगवेगळे बसून वाहिन्या, चातीपेशी, विभाजने, प्लाझ्मा पेशी, हायलिन गोलक आणि तंतू यांना ० ते ३ गुण द्यावेत. विभाजने मोजताना दृष्टिक्षेत्राचे आकारमान लिहून ठेवा.

५. एचआयव्हीच्या गटात न्यूट्रोफिल फार दिसले, तर बॅसिलरी अँजिओमॅटोसिस आहे का ते वॉर्थिन-स्टारीने पाहा. तो संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो. त्या रुग्णाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

६. जिथे गुण जुळत नाहीत, त्या स्लाइड दोघांनी एकत्र पाहाव्यात. क्रमांकांमागची नावे त्यानंतरच उघडा.